कायद्याची नवी पुस्तकं घेताना: मराठवाड्यातल्या वकिलांचे आणि विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करतो. आमच्या बारच्या (वकील संघाच्या) ग्रंथालयाची पुस्तकखरेदी गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. १ जुलै २०२४ला तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले: भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्यायसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, आणि त्यानंतर ज्युनिअर, लॉचे विद्यार्थी, शेजारच्या तालुक्यातले वकील, सगळ्यांचे फोन सुरू झाले. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

जुन्या आयपीसी, सीआरपीसी आणि पुराव्याच्या कायद्याची पुस्तकं आता काढून टाकायची का?

अजिबात नाही. गुन्हा कधी घडला त्यावर कायदा ठरतो. ३० जून २०२४च्या रात्री बांधावरून कुऱ्हाड चालली असेल, तर गुन्ह्याची कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतील, फिर्याद दोन दिवसांनी दिली असली तरी. फिर्यादीची नोंद आणि पुढची कार्यपद्धती मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे होईल. उलट, १ जुलैच्या आधीपासून जो तपास किंवा खटला चालू होता, तो नव्या संहितेच्या कलम ५३१मुळे जुन्या सीआरपीसीनेच पुढे जातो. आपल्याकडे सेशन केसेस किती वर्षं चालतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे जुनी कॉमेंटरी (कलमावर टीका आणि निवाडे देणारं पुस्तक) अजून दहा-पंधरा वर्षं तरी टेबलावर लागणार.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. न्यायसंहितेतल्या बऱ्याच व्याख्या जवळपास शब्दशः जुन्याच आहेत. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक सांगणारे दीडशे वर्षांतले निवाडे जुन्या कलमांखालीच छापलेले आहेत. जुनं पुस्तक गेलं, तर ते शोधायची वाटच बुजते.

नवे कलम क्रमांक पाठ होत नाहीत. तुलनात्मक तक्त्याचं पुस्तक घेऊ का?

घ्या, पण तक्त्यावर डोळे झाकून विसंबू नका. ३०२चं १०३ झालं आणि ४२०चं ३१८(४) झालं, एवढं लोकांना पाठ झालंय. घात होतो तो वेगळ्या ठिकाणी. जुनाच आकडा नव्या कायद्यातही आहे, पण अर्थ भलताच. जुन्या सीआरपीसीत १७३ म्हणजे चार्जशीट होती. नव्या संहितेत १७३ म्हणजे एफआयआर, आणि चार्जशीट १९३ला गेली. जुनं १४४ म्हणजे जमावबंदी; नवं १४४ म्हणजे पोटगी. जुन्या ४८२खाली हायकोर्टाचे अंगभूत अधिकार होते, ते आता ५२८ला आहेत, आणि नव्या ४८२खाली अटकपूर्व जामीन आहे. नियमित जामिनाचं जुनं ४३९ आता ४८३ आहे. न्यायसंहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांचं कलम आहे, खुनाचं नव्हे.

यात काय होऊ शकतं ते मी जवळून पाहिलंय. कायदे लागू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बाजारात घाईघाईने जी पुस्तकं आली, त्यांतलं एक आम्ही घेतलं. त्याच्या तक्त्यात ४८२ आणि ४८३ यांची अदलाबदल झालेली होती. आमच्या एका ज्युनिअर ताईने त्या तक्त्यावर भरवसा ठेवून कोठडीतल्या माणसाचा जामीन अर्ज ४८२खाली टाकला. शुक्रवार होता. कार्यालयाने ऑब्जेक्शन काढलं, दुरुस्ती होईपर्यंत साडेपाच वाजून गेले. त्या माणसाची बायको कडेवर पोर घेऊन पोर्चच्या पायरीवर बसली होती. ती शेवटच्या एसटीने गावी परत गेली. सुनावणी सोमवारी झाली. कलम चुकीचं लिहिलं म्हणून अर्ज बुडत नाही हे खरं, पण ते दोन दिवस त्या माणसाने आत काढले. त्या तक्त्याचं पान मी लाल शाईने दुरुस्त करून ठेवलंय, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला दाखवतो.

मग दुकानात उभ्याउभ्या पुस्तक चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

मुखपृष्ठावरचं ‘नवीन आवृत्ती’ वाचून ठरवू नका. आधी मागच्या-पुढच्या पानांवर कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे लिहिलंय का ते बघा. छपाईचं साल वेगळं आणि मजकूर कुठपर्यंत अद्ययावत आहे ते वेगळं; पुनर्मुद्रणात साल बदलतं, मजकूर तोच राहतो.

मग मी थेट काही ठरावीक जागा उघडतो. न्यायसंहितेचं कलम १०६ काढतो. त्याचं पोटकलम (२), म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाचं, १ जुलै २०२४ला लागू करताना वगळलेलं होतं. ट्रकचालकांच्या आंदोलनानंतरची ती गोष्ट. पुस्तकात तिथे तळटीप नसेल, तर संपादकाने राजपत्र पाहिलेलंच नाही असं समजा. नंतर साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आणि शेवटची अनुसूची. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप यांच्यासाठी जुन्या ६५-ब ऐवजी आता हे कलम आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ताडायचा आकडा) लिहावी लागते. काही स्वस्त प्रतींत हा नमुना अर्धवट छापलाय. तोच तर रोज झेरॉक्स काढून लागतो.

कॉमेंटरी असेल तर निवाड्यांची सूची चाळा. २०२४च्या जुलैनंतरचे निवाडे त्यात आहेत का? की जुन्या पुस्तकातला मजकूर तसाच ठेवून फक्त कलमांचे आकडे बदललेत? जी कलमं खरोखर नवी आहेत, तिथे हे लगेच उघडं पडतं. संघटित गुन्हेगारीचं १११, झुंडीने केलेल्या खुनाचं १०३(२), हिसकावून चोरीचं ३०४. नागरिक सुरक्षा संहितेत प्राथमिक चौकशीची मुभा देणारं १७३(३) आणि खासगी फिर्यादीत दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडू देणारं २२३. या कलमांखाली लेखकाने स्वतःचं काही लिहिलंय की फक्त कलम पुन्हा छापलंय, एवढं पाहिलं तरी पुस्तकाची किंमत कळते.

बेअर अ‍ॅक्ट पुरेसा आहे की कॉमेंटरीच हवी?

दोन्ही, पण आधी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीकेविना कायद्याचा नुसता मजकूर. ज्युनिअरने पहिलं वर्ष कॉमेंटरीला हातच लावू नये असं माझं मत आहे. कलम, त्याचं स्पष्टीकरण, परंतुक, उदाहरण हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची सवय एकदा लागली, की मग कॉमेंटरी कामाला येते. आधीच कॉमेंटरी घेतली की माणूस हेडनोटवरच (निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशावरच) थांबतो.

आम्ही पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची जमीन कायद्याची नवी पुस्तकं घेतली, पण तालुक्यातल्या केसमध्ये उपयोग होत नाही. असं का?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे.

महाराष्ट्र एक असला तरी कुळकायदे तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्राला १९४८चा, विदर्भाला १९५८चा, आणि आपल्या आठ जिल्ह्यांना हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत १९४८चा कायदा आणि त्यातलं ३२-ग (कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवणारं कलम) विस्ताराने असतं, १ एप्रिल १९५७चा कृषकदिन (कुळांना जमिनीचे खरेदीदार मानल्याचा दिवस) असतो. आपल्याकडे मात्र प्रश्न येतो तो संरक्षित कुळाचा (हैदराबाद कायद्याने खास हक्क दिलेल्या कुळाचा) आणि त्याला मालकी देणाऱ्या ३८-ई प्रमाणपत्राचा. त्याबद्दल त्या पुस्तकात एक परिच्छेद, नाहीतर नुसता उल्लेख. आपली पोरं पदवी घेऊन येतात तेव्हा त्यांना ३२-ग तोंडपाठ असतं आणि ३८-ई ऐकूनही माहीत नसतं. यात पोरांचा दोष नाही.

हे असं झालं त्याला इतिहास आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झाला, पण १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या मधल्या आठ वर्षांत हैदराबादच्या विधिमंडळाने आणि शासनाने जे जमीनविषयक कायदे केले, ते आपल्यासोबत मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आले. १९५०चा कुळकायदा, १९५२चा अतियात (इनामासारख्या देणग्या) चौकशी अधिनियम, इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा १९५४चा अधिनियम. आजही मदतमाश, खिदमतमाश (उपजीविकेसाठी किंवा सेवेबद्दल दिलेल्या इनामी) जमिनीचा सातबारा हातात आला, की याच कायद्यांकडे वळावं लागतं.

मागच्या वर्षी एक शेतकरी बाबा दप्तर घेऊन आले होते. लाल कापडात बांधलेलं. आत १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीच्या कब्जाची जुनी नोंद), त्याखाली उर्दूतला मुन्तखब (इनामाच्या हक्काचा दाखला), कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांच्या आधीच्या वकिलांनी नव्या पुस्तकातून ३२-गचे निवाडे काढून दिले होते. एकही लागू पडत नव्हता. आमच्या कपाटात हैदराबाद कुळकायद्याची एक जुनी कॉमेंटरी आहे. कणा तुटलेला, सुतळीने शिवलेली. त्या दिवशी काम तिनेच केलं.

म्हणून सांगणं असं, की नव्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत ‘हैदराबाद’ हा शब्द शोधा. सापडला तर पान काढून बघा, की मूळ अधिनियम, महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्त्या आणि औरंगाबाद खंडपीठाचे निवाडे आहेत का. जुन्या सीनिअरच्या घरातून हैदराबाद कायद्यांची पुस्तकं रद्दीत निघाली, तर कृपा करून ती उचला. ज्यांना या विषयावर लिहायची ताकद आहे, त्या आपल्या प्राध्यापक आणि वकील मंडळींनी नवं, सुधारित, मराठीत पुस्तक लिहावं. गिऱ्हाईक आठही जिल्ह्यांत आहे.

जुन्या कायद्याच्या नावापुढे ‘१३१७ फसली’ असं काहीतरी असतं. ते काय?

निजामाच्या राज्यातलं महसुली साल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. म्हणजे १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल अधिनियम १९०७-०८चा. तो आता नाही, त्याच्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली. पण जुन्या नोंदी वाचताना हा हिशेब लागतो.

वक्फच्या जमिनीचे वाद आपल्याकडे भरपूर आहेत. २०२५च्या दुरुस्तीवरचं पुस्तक घ्यायचं का?

राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीच्या आवारात आहे, तेव्हा हे काम आपल्याच दारातलं. पुस्तक घेताना एक तारीख बघा: १५ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायद्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. त्याआधी छापलेलं पुस्तक त्या तरतुदी चालू असल्यासारख्याच सांगणार.

कामगार संहिता आणि नवा आयकर कायदा यांची पुस्तकं लगेच घ्यावीत की थांबावं?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले. त्यात १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही आहे. आपल्या बीड, धाराशिवकडची ऊसतोड मजुरांची कोयती (मजुरांच्या जोड्या) कर्नाटकातही जातात, हे लक्षात घेतलं तर या विषयाचं पुस्तक आपल्या कपाटात हवंच. बेअर अ‍ॅक्ट आजच घ्या. जाडजूड कॉमेंटरीला थोडा दम धरा. नियमांचा आणि निवाड्यांचा थर बसल्याशिवाय तिच्यात भर असणार नाही. आयकर अधिनियम, २०२५ १ एप्रिल २०२६पासूनचा आहे. त्याआधीच्या वर्षांच्या आकारणीला १९६१चाच कायदा, म्हणून कर सल्लागारांनी दोन्ही ठेवावेत.

मराठीतली कायद्याची पुस्तकं कोर्टात चालतात का?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८पासून मराठी आहे. युक्तिवाद, अर्ज, उलटतपास मराठीत होतो, तेव्हा मराठी पुस्तक हाताशी असणं हा कमीपणा नाही, सोय आहे. केंद्रीय कायद्यांची मराठी भाषांतरं राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झाली, की १९७३च्या कायद्याप्रमाणे ती प्राधिकृत पाठ मानली जातात. खासगी प्रकाशकाने केलेल्या भाषांतराला तो मान नाही. म्हणून मुखपृष्ठाच्या आत ‘प्राधिकृत पाठ’ आहे की नुसतं भाषांतर, हे वाचा.

उच्च न्यायालयात मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८मुळे इंग्रजीच. सर्वोच्च न्यायालय आपल्या निवाड्यांची मराठी भाषांतरं टाकतं, ती पक्षकाराला समजावून द्यायला फार उपयोगी. अधिकृत पाठ इंग्रजी, हे त्या भाषांतरावरच लिहिलेलं असतं.

शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. ‘अपील’, ‘रिव्हिजन’, ‘रिव्ह्यू’ यांना तीन वेगळे मराठी शब्द आहेत आणि भाषांतरात ते सर्रास एकमेकांच्या जागी पडतात.

लॉच्या विद्यार्थ्याने नेमकं काय घ्यावं?

गाइड घेऊ नका, असं सगळेच सांगतात आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस सगळेच घेतात. माझं म्हणणं एवढंच, की विषयाचं एक चांगलं पाठ्यपुस्तक आणि बेअर अ‍ॅक्ट सत्राच्या सुरुवातीला घ्या, मग गाइड काय सांगतं ते तुम्हाला पारखता येईल. नांदेड, लातूर, परभणी कुठेही शिकत असा, अभ्यासक्रमात नवे फौजदारी कायदे कोणत्या तुकडीपासून आलेत हे विद्यापीठाच्या परिपत्रकात बघून घ्या. सीनिअरची जुनी पुस्तकं घेताना इथेच फसगत होते.

अखिल भारतीय बार परीक्षेला नोट्स नसलेले बेअर अ‍ॅक्टच आत नेता येतात. म्हणजे कलमाखाली निवाडे छापलेली प्रत चालणार नाही. समासात पेन्सिलने लिहू नका. न्यायाधीशपदाच्या परीक्षेबद्दल: २० मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. तेव्हा पदवी मिळताच त्या परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग आणण्यापेक्षा ते पैसे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या चांगल्या कॉमेंटरीत घाला. तीन वर्षं कोर्टात तीच लागणार, आणि परीक्षेतही.

पीडीएफ किंवा पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स वापरली तर?

न्यायालयाने मनाई केली नसेल तर त्याचे निवाडे कोणीही छापू, वाटू शकतो; कायद्याचा मूळ मजकूरही, सोबत टीका किंवा स्वतःचं काही लिखाण असेल तर. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२मध्येच ती मुभा आहे. पण हेडनोट, टीका, संपादकाने घातलेली मांडणी हे त्याचं स्वतःचं काम असतं. अभ्यासासाठी एखादं प्रकरण झेरॉक्स करणं वेगळं, आणि अख्खी कॉमेंटरी स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं वेगळं. आपणच कायद्याचे लोक. पक्षकार आपल्या टेबलावर चोरून छापलेलं पुस्तक बघतो, तेव्हा काय समजतो?

मग पैसे नसलेल्या ज्युनिअरने काय करावं?

बरंच फुकट आहे, आणि अस्सल आहे. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्याचे कायदे मिळतात. जानेवारी २०२३पासून ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर सर्वोच्च न्यायालयाचे अहवालित निवाडे हेडनोटसकट फुकट आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांना आता न्यूट्रल सायटेशन (न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांक) असतं. त्यात आधी साल, मग ‘बीएचसी’, आणि पुढे ‘एयूजी’ दिसलं की तो आपल्या औरंगाबाद खंडपीठाचा, ‘नाग’ असेल तर नागपूरचा. कोणत्याही खासगी रिपोर्टरची वर्गणी नसली तरी त्या आकड्यावरून मूळ निवाडा उघडता येतो. मोबाईलवर कोणी फॉरवर्ड केलेलं सायटेशन तर मूळ निवाडा उघडल्याशिवाय कोर्टात वाचूच नका.

मी प्राध्यापक आहे. ‘पैसे भरा, संपादित ग्रंथात तुमचं प्रकरण छापू, आयएसबीएन आहे’ असे मेसेज येतात. द्यावं का?

आयएसबीएन हा पुस्तक ओळखायचा क्रमांक आहे, गुणवत्तेची मोहोर नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तेव्हा त्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याला सरळ विचारा: संपादक कोण, लेख कोण तपासणार, किती दुरुस्त्या सुचवणार? आणि छापल्यावर १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत पाठवणार का? उत्तर गोलमोल आलं, तर त्याच पैशात महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दोन चांगली पुस्तकं येतील. तुमच्याकडे संरक्षित कुळांवर, भूसंपादनावर, बालविवाहाच्या खटल्यांवर काही साठलं असेल, तर ते नावाजलेल्या नियतकालिकाला पाठवा. वेळ लागेल.

बिलावर जीएसटी लावला तर?

छापील पुस्तकाला जीएसटी नाही. लावला असेल तर विचारा.

नवीन बार आहे, निधी थोडा आहे. पहिल्यांदा काय घ्यावं?

आपल्या तालुक्यात कोणत्या केसेस जास्त आहेत त्याची बोर्डावरून (रोजच्या केसेसच्या यादीवरून) महिनाभर नोंद ठेवा. आमच्याकडे ती ठेवली तेव्हा वर आलं ते भूसंपादन, वाटणीचे दावे, मोटार अपघात, न वटलेले चेक आणि पोटगी. मग त्या क्रमाने घेतलं. भूसंपादनाची दोन पुस्तकं लागतात: १८९४च्या कायद्याचं, कारण तलाव आणि कालव्यांचे जुने संदर्भ अर्ज (वाढीव मोबदल्याचे) अजून चालू आहेत आणि त्यात दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) ३० टक्के, आणि २०१३च्या कायद्याचं, जो १ जानेवारी २०१४ला लागू झाला आणि ज्यात ती १०० टक्के आहे. चुकीच्या पुस्तकातून मागणी लिहिली तर शेतकऱ्याचे किती जातात याचा हिशेब करून बघा.

खरेदीला शक्यतो स्वतः जा. खंडपीठात कोणाची तारीख असेल त्याच्यासोबत छत्रपती संभाजीनगरला जाऊन, पुस्तक हातात घेऊन, वर सांगितलेली पानं उघडून मगच घ्या. आणल्यावर पहिल्या पानावर खरेदीची तारीख आणि कायदा कुठपर्यंतचा आहे ते शाईने लिहा. दुरुस्ती आली की राजपत्राचं पान त्याच कलमाला चिकटवा. आमच्या महसूल संहितेत अशी चिकटवलेली पानं इतकी झालीत की पुस्तक मिटत नाही, दोरी बांधून ठेवावं लागतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात वाळवी भिंतीतूनच येते, आणि पहिल्यांदा खालचा कप्पा धरते, म्हणून हैदराबादची जुनी पुस्तकं आम्ही सर्वांत वर ठेवतो.